देवमासा कोणत्या वर्गांतला?

देवमासा हा मासा नव्हे, हें आज शाळेंतील मूलहि सांगेल. तो फुप्फुसांनीं श्वास घेतो, त्याचें रक्त उष्ण असतें, व त्याची मादी पिलास दूध पाजते. असें असतां भाषेनें मात्र त्यास मासाच ठरविलें. ही केवळ अडाणी लोकांची चूक म्हणावी काय? प्राण्यांच्या वर्गीकरणाचा इतिहास पाहिला म्हणजे उत्तर इतकें सोपें राहत नाहीं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत प्राण्यांचे, मांसाच्या गुणदोषांच्या दृष्टीनें, आठ वर्ग केले आहेत. त्यांतील 'प्रसह', म्हणजे भक्ष्य बळानें ओढून खाणारे, या वर्गांत गाय, सिंह व कावळा एकत्र आलेले पाहून आधुनिक वाचकास हंसूं येईल. परंतु ग्रंथकार वैद्य होता. कोणतें मांस रोग्यास पथ्यकर, एवढेंच त्यास ठरवावयाचें होतें. आणि मांसाचे गुण प्राण्याच्या राहण्याखाण्याच्या रीतीवर अवलंबून असतात, अशी त्याची धारणा होती. उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्रांत हिशेब इंद्रियांचा आहे: कृमीस दोन, मुंगीस तीन, भ्रमरास चार व मनुष्यास पांच. अहिंसेस श्रेष्ठ धर्म मानणाऱ्या जैन आचार्यास जीवाची जाणण्याची शक्ति महत्त्वाची वाटावी, हें साहजिकच होय.

ग्रीसमध्यें ॲरिस्टॉटलनें शरीररचनेकडे लक्ष दिलें, व देवमासे आणि डॉल्फिन यांचा गट माशांहून निराळा मानला. तरीहि स्वीडनच्या लिनीअसनें 1735 सालीं आपल्या ग्रंथांत देवमाशास माशांतच बसविलें. 1758 च्या दहाव्या आवृत्तींत मात्र त्यास सस्तन प्राण्यांत स्थान दिलें.

पण पंडितांचा निर्णय बाजारानें मानलाच पाहिजे असें नाहीं. न्यूयॉर्क राज्यांत माशांच्या तेलाची सरकारी तपासणी सक्तीची करणारा कायदा झाला होता. एका व्यापाऱ्यानें देवमाशाच्या तेलाचीं तीन पिंपें तपासून घेतलीं नाहींत, म्हणून 1818 सालीं त्याजवर खटला झाला. सॅम्युएल मिचिल या नामांकित सृष्टिशास्त्रज्ञानें, देवमासा मासा नव्हे, अशी साक्ष दिली. परंतु ज्यूरीनें ती बाजूस सारून निकाल व्यापाऱ्याविरुद्ध दिला! पुढें विधिमंडळानेंच तो कायदा बदलून देवमाशाचें तेल त्यांतून वगळलें.

1859 सालीं डार्विनचा ग्रंथ निघाला आणि वर्गीकरणाचा अर्थच पालटला. सारखेपणा हा समान पूर्वजांचा वारसा होय असें ठरल्यावर वर्गीकरण म्हणजे वंशावळ झाली. आज जनुकांच्या व जीवाश्मांच्या पुराव्यानें देवमाशाचा सर्वांत जवळचा हयात आप्त पाणघोडा ठरला आहे.

वैद्य, आचार्य व व्यापारी यांचे प्रश्न निरनिराळे होते, म्हणून वर्गहि निरनिराळे झाले. त्यांस मूर्ख ठरविण्यापूर्वीं त्यांचा प्रश्न समजून घेणें न्याय्य आहे. मात्र एवढा भेद ध्यानांत ठेवावा कीं, ते प्रश्न मनुष्याच्या गरजेंतून व श्रद्धेंतून निघाले होते. देवमाशाचें पाणघोड्याशीं असलेलें नातें कोणाच्याहि गरजेवर अवलंबून नाहीं. मनुष्य पृथ्वीवर अवतरला नसता, तरीहि तें तसेंच असतें.