भंगारातली हुबळीची रेल्वे
हुबळीचा रेल्वे कारखाना १८८५चा, सदर्न मराठा कंपनीचा. मीटरगेज गेलं, जुनं सामान भंगारात निघालं. रेल्वेचा लिलाव अख्ख्या ढिगाचा. हौशी माणसाला एखादा कंदील मिळायचा तो भंगारवाल्याकडूनच.

आधी अक्षरं बघा. 'एस.एम.आर.' असेल तर माल १९०८च्या आधीचा, 'एम. अँड एस.एम.' असेल तर त्यानंतरचा, १९५१पर्यंतचा. चकाकी आणायला पितळ घासतात आणि नेमकी हीच अक्षरं जातात! घासलेला कंदील मी तरी घेत नाही.

पावती मात्र घ्याच. चोरीचा संशय आला, तर १९६६च्या कायद्यानं माल रीतसर घेतल्याचं ज्याच्याकडे सापडला त्यालाच सिद्ध करावं लागतं. पावती नसेल, तर २०२०मध्ये उघडलेल्या हुबळीच्या रेल्वे संग्रहालयात जाऊन डोळे भरून बघा.