कापोएरा : महिला संमेलने

कापोएरा या ब्राझिली युद्धकलेत शिकवणे, वाद्ये वाजवणे, गाणे आणि खेळ चालवणे ही सारी सूत्रे स्त्रियांकडे सोपवून भरवली जाणारी दोन-तीन दिवसांची संमेलने. ती बहुधा शनिवार-रविवार धरून, पुष्कळदा ८ मार्चच्या महिला दिनाच्या आगेमागे होतात. बऱ्याच ठिकाणी पुरुषांनाही प्रवेश असतो.

आफ्रिकेतून गुलाम म्हणून ब्राझीलमध्ये आणलेल्या लोकांनी व त्यांच्या वंशजांनी ही कला घडवली. १८९० च्या दंडसंहितेने ती गुन्हा ठरवली. मेस्त्रे (गुरू) बिंबा यांनी १९३२ मध्ये बाईया राज्यातील साल्वादोर येथे शाळा काढली, तर मेस्त्रे पास्तिन्या यांनी १९४१ मध्ये ‘आंगोला’ या पारंपरिक शैलीची. याच राज्याच्या लोकस्मृतीत मारिया दोझे ओमेन्स, सालोमे अशी स्त्रियांची नावे टिकून आहेत. त्यांच्याविषयीचा लेखी पुरावा मात्र तुटपुंजा आहे. १९७० नंतर मुली मोठ्या संख्येने शिकू लागल्या, तरी ‘मेस्त्रा’ या गुरुपदापर्यंत पोचलेल्या स्त्रिया दीर्घकाळ मोजक्याच राहिल्या.

संमेलनांची गरज ‘रोदा’त, म्हणजे खेळाडू व वादकांच्या रिंगणात, नीट दिसते. रिंगणाची सत्ता असते ती बेरिंबाऊ या एकतारी धनुष्यवाद्याकडे. रिंगणात बहुधा असणाऱ्या तीन बेरिंबाऊंपैकी सर्वांत खर्जातले ‘गुंगा’ ज्याच्या हाती, तो खेळ सुरू करतो, त्याची गती ठरवतो आणि हवे तेव्हा थांबवतो. भोपळा बांधलेल्या या वाद्याचा भार डाव्या हाताच्या करंगळीवर येतो. त्याच हाताच्या चिमटीतला दगड किंवा नाणे तारेवर टेकवून स्वर बदलायचा, आणि उजव्या हाताने काडी व खुळखुळा सांभाळायचा. हे सवयीने जमते. पण वाद्य बायकांना पेलत नाही असे म्हणून त्यांना टाळ्या वाजवण्यावर आणि गाण्याला साथ देण्यावर थांबवले गेले, आणि गुंगा न मिळाल्याने खेळाची सूत्रेही मिळाली नाहीत. म्हणून या संमेलनांत पहिला भर वादनावर असतो. चालू खेळात मध्येच शिरून एका खेळाडूची जागा घेण्याच्या प्रथेचा उपयोग स्त्रियांना झटपट बाहेर काढण्यासाठी कसा होतो, पारंपरिक गाण्यांतल्या स्त्रियांना हिणवणाऱ्या ओळींचे काय करावे, आणि शिक्षकांकडून होणारा छळ, यांवरही उघड चर्चा होते. तान्ह्या मुलांना सांभाळण्याची सोय काही आयोजक आवर्जून करतात. तिच्यावाचून अनेकींना येताच येणार नाही.

या चळवळीत मेस्त्रा जांझा (रोझांजेला कोस्टा आराउजो) यांचे काम मोठे आहे. साल्वादोरच्या विद्यापीठातील या प्राध्यापिकेने १९९५ मध्ये साओ पाउलो येथे सहकाऱ्यांसह ‘न्झिंगा’ हा आंगोला शैलीचा संघ उभारला. अंगोलातील सतराव्या शतकातील राणीचे नाव त्यांनी संघाला दिले, ते अर्थातच जाणीवपूर्वक. अमेरिकेत मेस्त्रा एद्ना लिमा आणि मेस्त्रा मार्सिया सिगारा यांनी स्वतःच्या शाळा नावारूपाला आणल्या. युनेस्कोने २०१४ मध्ये रोदाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

महाराष्ट्रात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून मुंबईत कापोएराचे वर्ग चालतात आणि त्यांत मुलीही शिकतात. पुरुषांच्या मानल्या गेलेल्या खेळात स्त्रियांसाठी स्वतंत्र मैदान आखण्याचे येथील ठळक उदाहरण मात्र कुस्तीचे आहे : मार्च २०२३ मध्ये सांगलीत महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा प्रथमच झाली आणि प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. कुस्तीत चितपट झाली की निकाल लागतो. रोदात मात्र हारजीत जाहीर होत नाही, त्यामुळे तिथे स्त्रियांची मागणी किताबाची नसून खेळ चालवण्याच्या अधिकाराची असते.