खर्ज आणि खोली

मराठी घरांतील संगीतश्रवणाचा इतिहास आपण गायकांच्या, रेकॉर्डांच्या आणि फार तर रेडिओच्या अंगाने लिहिला. आवाज ज्या खोक्यातून बाहेर पडला, त्या खोक्याला त्या इतिहासात जागा मिळाली नाही. गोराईच्या म्हाडा वसाहतीत राहणारा श्रोता म्हणून मला ही उणीव विशेष जाणवते. निवृत्तीनंतर हाती थोडे पैसे आले की आमच्याकडे अनेकांना चांगले परदेशी स्पीकर घ्यावेसे वाटतात. नवे परवडत नाहीत, म्हणून जुने शोधले जातात. आणि मग नाव मोठे, खोके मोठे, एवढ्यावर निवड होते. या निवडीचे खरे निकष इतिहासात आणि खोलीच्या मापात आहेत, असे मला वाटते.

आजच्या स्पीकरचा मूळ आराखडा 1925 सालचा. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोन अभियंत्यांनी चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे हलवून कागदी पडदा हलवण्याची रीत त्या वर्षी मांडली. तिथून ग्रामोफोनच्या कर्ण्याचे राज्य संपत गेले. पण खर्जाचे स्वर हवे असतील तर खोके कपाटाएवढे लागे. 1954 साली एडगर विल्चरने हवाबंद छोट्या खोक्यात, आतल्या हवेचीच स्प्रिंग करून, खालचे स्वर काढून दाखवले. स्पीकर पुस्तकांच्या फळीवर बसू लागला तो तेव्हापासून.

ही प्रगती आपल्याकडे सरळ वाटेने आली नाही. आयातीवर कडक बंधने होती. कोलकात्याची सोनोडाइन 1970 साली उभी राहिली. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून सुताराकडून खोकी करून घेणारेही होते. अस्सल परदेशी जोडी मात्र येई ती बोटीवरच्या नोकरदाराबरोबर, आखातातून परतणाऱ्याच्या सामानात, नाहीतर चोरबाजाराच्या मटन स्ट्रीटवर. आयातीवरील उरलेली परिमाणात्मक बंधने 1 एप्रिल 2001 रोजी उठली. आज बाजारात येणाऱ्या जुन्या जोड्यांपैकी अनेक त्या आधीच्या पिढीने जपलेल्या आहेत. घर विकले जाते, थोरली माणसे जातात, मुलांना खोकी अडचणीची वाटतात, आणि एका माणसाच्या ऐकण्याचा सारा संसार भावावर येतो.

आता खोलीकडे वळू. खाडीपलीकडे जुने गोराई गाव. अलीकडची, बोरिवलीच्या बाजूची गोराई ही जागतिक बँकेच्या साहाय्याने 1980 च्या दशकात आखलेल्या भूखंड योजनेतून वाढली. भूखंड लहान, त्यामुळे खोल्याही लहान. तीन मीटर बाय चार मीटरची खोली घ्या. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनिलहरी अडकतात, आणि अशी खोली 57 व 43 हर्ट्झच्या आसपास आपणहून घुमते. मोठा स्पीकर नेमक्या याच पट्ट्यात जोर लावतो. मग डग्गा फुगतो आणि गायकाचे शब्द बुजतात. दोष स्पीकरचा नसतो. तो दिवाणखान्यासाठी केलेला असतो.

पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर तो साधारण 139 हर्ट्झ, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे 69 हर्ट्झ. शिवाय जवारीमुळे त्या तारेचा कस मूळ स्वरापेक्षा वरच्या स्वरांशांत अधिक असतो. म्हणजे ख्याल ऐकणाऱ्याला 30 हर्ट्झपर्यंत उतरणाऱ्या खोक्याची गरजच नाही.

या हिशेबाला चपखल बसणारा एक स्पीकर बीबीसीने 1970 च्या दशकात घडवला. एलएस थ्री फाइव्ह ए हे त्याचे नाव. बाहेरच्या कार्यक्रमांच्या ध्वनिक्षेपणासाठी जाणाऱ्या गाड्यांत तंत्रज्ञाला निवेदकाचा आवाज पारखता यावा, यासाठी तो केला होता. उंची अवघी एक फूट. रॉजर्स, स्पेंडॉर आदी कंपन्यांनी तो परवान्यावर बनवला. आतले दोन्ही स्पीकर केईएफचे. सुमारे 80 हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज उतरत जातो, पण मानवी कंठ तो विलक्षण खरा दाखवतो. गाडीतल्या अडचणीच्या जागेसाठी केलेली वस्तू गोराईच्या खोलीत शोभावी, यात नवल नाही. ज्याला सिनेसंगीताचा दणका हवा, त्याने मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.

अशी जोडी घेताना काही गोष्टी तपासाव्यात. 1987 च्या सुमारापर्यंतचे नग 15 ओहमचे, नंतरचे 11 ओहमचे. एकेक नग जमवून केलेली जोडी टाळावी. आवाज कमी शक्तीवर उठत नाही, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर बऱ्यापैकी दमाचा हवा. इतर कोणत्याही जुन्या स्पीकरच्या पडद्याभोवतीची कड फोमची असेल तर ती बोटाने हलकेच दाबून पाहावी. मुंबईच्या दमट हवेत असा फोम भुगा होतो, आणि खाडीकाठच्या खाऱ्या वाऱ्यात पितळी जोडही काळे पडतात. जुने कंडेन्सर सुकलेले असू शकतात. मागची फळी वाळवीसाठी ठोकून पाहावी. शेवटी दोन्ही खोकी जवळ ठेवून, एकाच वाहिनीचा तंबोरा दोन्हींतून आलटून पालटून ऐकावा. स्वराचा रंग बदलला तर सौदा सोडावा.

आणखी एक प्रश्न मी विकणाऱ्याला नेहमी विचारतो: ही जोडी कोणत्या घरात होती, आणि तिच्यावर काय ऐकले जाई? उत्तरावरून वस्तूची निगा कळते. त्याहून महत्त्वाचे, कुठेही न लिहिलेल्या इतिहासाचे एक पान हाती येते. ते जोडीबरोबर लिहून ठेवावे; पुढच्या घराला ते लागेल.