चार्ल्स च्यू

चार्ल्स च्यू हे अमेरिकन चिकित्सक व संशोधक असून सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रयोगशाळा वैद्यक आणि संसर्गजन्य रोग या विषयांचे प्राध्यापक आहेत. रुग्णाच्या नमुन्यातील सर्व जनुकीय द्रव्य एकाच वेळी वाचून रोगजंतू ओळखणारी मेटाजीनोमिक निदानपद्धती संशोधनाच्या कक्षेतून प्रत्यक्ष रुग्णसेवेत आणणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते.

शिक्षण व प्रारंभीचे संशोधन

च्यू यांनी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून वैद्यकशास्त्राची पदवी व डॉक्टरेट संपादन केली. पुढे सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी जोसेफ डेरिसी यांच्या प्रयोगशाळेत संशोधन केले. तेथे विकसित झालेल्या ‘व्हायरोचिप’ या काचपट्टीवर असंख्य ज्ञात विषाणूंचे जनुकीय अंश बसवलेले असत व नमुन्यातील विषाणू त्यांच्याशी जुळवून ओळखला जाई. २०११ मध्ये च्यू यांच्या गटाने कॅलिफोर्नियातील टीटी माकडांमध्ये पसरलेल्या न्यूमोनियाच्या साथीमागे एक नवा अॅडिनोव्हायरस असल्याचे दाखवले.

निदानपद्धती

रूढ चाचण्यांमध्ये डॉक्टरांना आधी संशयित जंतू ठरवावा लागतो आणि मग त्या जंतूपुरती चाचणी केली जाते. जो जंतू कोणाच्या मनातच आला नाही, तो त्यामुळे निसटतो. मेटाजीनोमिक पद्धतीत असा पूर्वअंदाज आवश्यक नसतो. नमुन्यातील जनुकीय तुकड्यांचा क्रम वाचला जातो, त्यांतून मानवी तुकडे वगळले जातात आणि उरलेल्यांची ज्ञात जंतूंच्या संग्रहाशी तुलना होते. ही तुलना वेगाने व्हावी म्हणून च्यू यांच्या गटाने ‘सर्पी’ ही संगणकप्रणाली तयार केली.

२०१४ मधील निदान

या पद्धतीचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण २०१४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मजात प्रतिकारशक्तीचा तीव्र अभाव असलेला १४ वर्षांचा एक मुलगा ताप व डोकेदुखीमुळे चार महिन्यांत तीनदा रुग्णालयात दाखल झाला होता. अनेक तपासण्या व मेंदूतील ऊतीची तपासणी होऊनही कारण सापडले नाही आणि त्याची प्रकृती खालावत गेली. त्याच्या मस्तिष्कमेरुद्रवातील तीस लाखांहून अधिक तुकड्यांपैकी अवघे ४७५ तुकडे लेप्टोस्पायरा या जिवाणूचे निघाले. मुंबई व कोकणात पावसाळ्यात आढळणारा ‘लेप्टो’ हा आजार याच वंशाच्या जिवाणूंमुळे होतो. नमुना मिळाल्यापासून ४८ तासांत निदान झाले. पेनिसिलिन हे जुने व सहज उपलब्ध औषध देण्यात आले आणि मुलगा बरा होऊन घरी परतला.

साथरोगांतील कार्य

कोविड-१९ च्या साथीत, २०२० मध्ये, च्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रिस्परवर आधारित, सुमारे ४० मिनिटांत निष्कर्ष देणारी चाचणी प्रसिद्ध केली. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात पसरलेल्या व पुढे ‘एप्सिलॉन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या उत्परिवर्तित विषाणूचे वर्णनही त्यांच्या गटाने केले.

उपयुक्तता व मर्यादा

अमेरिकेतील आठ रुग्णालयांतील २०४ रुग्णांवरील अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चेतासंस्थेचे ५८ संसर्ग निश्चित झाले. त्यांपैकी १३ केवळ या पद्धतीने उघड झाले, तर २६ संसर्ग तिला सापडले नाहीत. यांतील काहींचे निदान फक्त प्रतिपिंडांच्या चाचणीने वा अन्य ऊतींच्या नमुन्यांतून झाले होते, तर काहींत द्रवातील जंतूंचे प्रमाण फार कमी होते. त्यामुळे ही पद्धत रूढ चाचण्यांना पर्याय नसून पूरक मानली जाते.

अतिसूक्ष्म अंश टिपणाऱ्या तंत्रात बाह्य दूषणामुळे फसगत होण्याचा धोकाही असतो. २००६ मध्ये प्रोस्टेट कर्करोगाच्या नमुन्यांत आढळलेला ‘एक्सएमआरव्ही’ हा विषाणू रुग्णांचा नसून प्रयोगशाळेतील दूषणाचा परिणाम होता, हे पुढे स्पष्ट झाले. हा निष्कर्ष प्रस्थापित करणाऱ्या २०१२ मधील संशोधनात च्यू यांचा प्रमुख सहभाग होता.