रक्ताचा साधा रिपोर्ट आणि डॉ. राय यांच्या पाच पायऱ्या

आज आपण बोलणार आहोत ते गल्लीतल्या लॅबमध्ये होणाऱ्या सीबीसीबद्दल. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स. एवढ्यावरून रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाचं पुढे काय होईल, हे सांगता येतं का? प्रश्न डॉक्टरांचा खरा, पण भाकीत म्हणजे नेमकं काय, हे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचंही जुनं दुखणं आहे.

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, हा बहुधा उतारवयातला आजार. कोडं असं, की एक रुग्ण दोन वर्षांत जातो आणि दुसरा वीस वर्षं काढतो. १९६७ साली विल्यम डॅमेशेक यांनी मांडलं की हा पेशी साठत जाण्याचा आजार आहे. साठा रक्तात दिसतो, मग गाठींत, मग प्लीहेत (जुने लोक हिला पानथरी म्हणत), आणि शेवटी अस्थिमज्जेत इतकी दाटी होते की लाल पेशी आणि प्लेटलेट्स तयार व्हायला जागाच उरत नाही.

जोधपूरला जन्मलेले, न्यूयॉर्कमध्ये काम केलेले डॉ. कान्ती राय यांनी हेच सूत्र धरलं. १९७५ साली त्यांनी सहकाऱ्यांसह १२५ रुग्णांवरून शून्य ते चार अशा पायऱ्या आखल्या. नुसत्या लिम्फोसाइट वाढलेल्या असतील तर शून्य. गाठी हाताला लागल्या तर एक. प्लीहा किंवा यकृत वाढलं तर दोन. हिमोग्लोबिन ११च्या खाली गेलं तर तीन. प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली गेल्या तर चार. बघा, सीबीसी आणि डॉक्टरचा हात, बस्स! शून्य पायरीवरचे निम्मे रुग्ण १५० महिन्यांहून जास्त जगले. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचे निम्मे १९ महिन्यांतच गेले.

आता इथे थांबू या. ‘निम्मे’ हा शब्द गटाबद्दल बोलतो, समोर बसलेल्या माणसाबद्दल नाही. एकच माणूस एकाच वेळी अनेक गटांत मोडतो, मग संभाव्यता कुठल्या गटाची धरायची, हे कोडं जॉन व्हेन यांनी १८६६ सालीच मांडलं होतं.

मग या आकड्यांचा उपयोग काय? आम्हाला वाटतं, उपयोग ‘किती दिवस’ हे सांगण्याचा नाहीच, औषध कुणाला देऊ नये हे ठरवण्याचा आहे. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या ६०९ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला क्लोरॅम्ब्युसिल दिलं, दुसऱ्याला काहीच नाही. निष्कर्ष १९९८ साली छापून आला. औषधाने आजार मंदावला, आयुष्य काही वाढलं नाही. औषध न दिलेल्यांपैकी ४९ टक्क्यांना अकरा वर्षांनंतरही उपचारांची गरज पडली नव्हती. कर्करोग आहे आणि डॉक्टर औषध देत नाहीत, हे घरच्यांच्या गळी उतरवणं किती कठीण असतं! पण त्यामागे हा पुरावा आहे. अर्थात सुरुवातीच्या टप्प्यातल्या २७ टक्के रुग्णांचा मृत्यू या आजाराशी निगडित कारणांनीच झाला, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणून ‘थांबा’ म्हणजे ‘घरी जा’ नव्हे. ठरावीक महिन्यांनी पुन्हा सीबीसी.

आज जनुकीय तपासण्या आल्या, नवी औषधं आली. राय यांच्या पायऱ्या केसपेपरवर अजून लिहितात, पण ते १९ महिने १९७५च्या औषधांचे आहेत, आजच्या रुग्णाने ते स्वतःला लावून घेऊ नयेत. आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट: हिमोग्लोबिन लोहाच्या कमतरतेनेही उतरतं. आकडा कारण सांगत नाही. तेव्हा तिसरी पायरी लिहिण्याआधी लोह तपासलं का, एवढं विचारायला हरकत नाही.