चवळीचा सर्वांत चांगला वाण कोणता?

भाताची कापणी झाली, की कोकणात आणि गोव्यात जमिनीत उरलेल्या ओलीवर चवळी पेरतात. गोव्यातल्या टपोऱ्या चवळीला अळसांदे म्हणतात. इतकी घरची वाटणारी ही चवळी मूळची मात्र आफ्रिकेतली. घानामध्ये उत्खननात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे तिचे दाणे मिळाले आहेत. भारतातही ती दोन हजार वर्षांहून अधिक काळ नांदते आहे.

तिचा सर्वांत चांगला वाण कोणता? प्रश्न सोपा वाटतो. शेजारी शेजारी पेरावे, शेंगा वजन कराव्यात, की झाले! पण पश्चिम आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांना या प्रश्नाने बरेच शिकवले.

आधी आकडेमोड करू. समजा, ‘अ’ वाण पावसाळी भागात हेक्टरी १५ क्विंटल आणि कोरड्या भागात ३ क्विंटल देतो. ‘ब’ वाण अनुक्रमे १० आणि ७ क्विंटल देतो. सरासरी काढली तर ‘अ’ची ९ आणि ‘ब’ची साडेआठ. म्हणजे ‘अ’ श्रेष्ठ. पण कोरड्या भागातल्या शेतकऱ्याने हा निकाल मानला, तर त्याच्या घरात निम्म्याहूनही कमी धान्य येईल.

प्रत्यक्षात असे का घडते? नायजेरियाच्या उत्तर भागात पारंपरिक चवळी ज्वारी-बाजरीच्या ओळींमध्ये पेरतात. ती लांब वेलाची असते. पेरणी थोडी मागेपुढे झाली, तरी ती पाऊस संपण्याच्या सुमारास फुलते. लवकर फुलली तर शेंगा पावसात कुजतात आणि कीड पडते. उशिरा फुलली तर ओल संपते. तिला ही वेळ कळते कशी? गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवले, की अनेक वनस्पती दिवसाच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवतात. या चवळीचेही तसेच आहे. दिवस पुरेसा लहान झाल्याशिवाय ती फुलत नाही; नुसती पानेच वाढवते. म्हणूनच एका अक्षांशावर बिनचूक ठरणारे तिचे हे घड्याळ दुसऱ्या ठिकाणी चुकते.

१९६७ मध्ये नायजेरियातील इबादान येथे आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्था स्थापन झाली. तिच्या बियाणे-संग्रहात आज चवळीचे सुमारे १५ हजार नमुने आहेत. एकाच वाणाचे बियाणे अनेक देशांत पेरून तुलना करण्याची पद्धत तिथे रुजली.

याच सुमारास निसर्गानेही परीक्षा घेतली. १९६८ पासून सहाराच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यात दुष्काळाची मालिका सुरू झाली. सेनेगलच्या उत्तरेला लूगा भागात पावसाळाच आखूड झाला. जुने वाण तयार होण्याआधीच पाणी संपू लागले. शेवटी १९८५ मध्ये सरकारने कॅलिफोर्नियातून ‘सीबी ५’ या लवकर येणाऱ्या चवळीचे शेकडो टन बियाणे आणले. आखूड हंगामात तिने साथ दिली. पण तिथल्या किडी आणि रोग तिला नवे होते. त्यांच्यापुढे ती दुबळी पडली. त्यामुळे सेनेगलच्या शास्त्रज्ञांनी बाहेरच्या आणि तिथल्या चवळ्यांचे गुण एकत्र आणून १९९० च्या दशकात ‘मुरीद’ आणि ‘मेलाख’ हे वाण दिले. मेलाखच्या हिरव्या शेंगा फार लवकर मिळतात. गेल्या वर्षीचे धान्य संपलेले आणि नवे अजून शेतात, अशा उपासमारीच्या आठवड्यांत त्या घरात येतात. हा गुण हेक्टरी उत्पादनाच्या आकड्यात दिसत नाही.

आणखी एक उदाहरण पाहा. आपल्याकडे ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला शेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्याचीच एक भाऊबंद वनस्पती आफ्रिकेत चवळी फस्त करते. बोट्स्वानातील ‘बी ३०१’ ही स्थानिक चवळी बुर्किना फासो, माली, नायजर, नायजेरिया अशा अनेक देशांत तिला दाद देईना. रामबाण उपाय सापडला असे वाटले. पण बेनिनमधील झाकपोटा येथे तीच चवळी बळी पडली. तिथल्या टारफुल्याचा वंशच वेगळा होता. झाकपोटाला चाचणी झालीच नसती, तर ही गोष्ट शेतकऱ्यांना नुकसान सोसून कळली असती.

म्हणून ‘चांगला वाण कोणता?’ या प्रश्नापुढे तीन शब्द जोडावे लागतात: कुठे, केव्हा आणि कोणासाठी?

शाळेच्या आवारात हे थोडे अनुभवता येईल. चवळीचे दोन वाण निवडा. प्रत्येकाचे थोडे बी जूनमध्ये आणि थोडे सप्टेंबरमध्ये पेरा. पहिले फूल किती दिवसांनी आले, वेल किती वाढला, शेंगा किती लागल्या याची नोंद मुलांना ठेवू द्या. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या शिक्षकमित्राला त्याच पुड्यातले बी पाठवा. दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत, तर कोणाचे चुकले हे शोधण्याआधी दोन्ही गावांचा पाऊस, माती आणि पेरणीची तारीख फळ्यावर मांडा. खरा धडा तिथून सुरू होईल.