स्वयंपाकाच्या वर्गाने सवयी बदलतात का? एका प्रश्नाचा इतिहास

समजा, तुम्ही दहा आठवड्यांचा स्वयंपाकाचा वर्ग घेतला. आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेतली. लोक भाज्या जास्त खाऊ लागलेले दिसले. मग हे वर्गामुळेच झालं, असं म्हणता येईल का? सिनॉप्सिस लिहायच्या आधी या प्रश्नाचा इतिहास एकदा बघून घ्या.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. घरोघरी हृदय, गुर्दे असं एरवी नको वाटणारं मांस शिजावं, यासाठी प्रयत्न चालले होते. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी बायकांचे सहा गट घेतले. तीन गटांना व्याख्यान दिलं, पाककृतीही वाटल्या. उरलेल्या तीन गटांनी आपसात चर्चा केली आणि शेवटी हात वर करून निर्णय घेतला. नंतर चौकशी केली, तेव्हा पहिल्या गटांतल्या फक्त ३ टक्के बायकांनी असं नवं मांस शिजवलं होतं, दुसऱ्या गटांतल्या ३२ टक्के! नुसतं सांगून सवय बदलत नाही, हे यातून पुढे आलं. पण एक मेख होती: नंतर विचारणा होणार, हे फक्त चर्चेच्या गटांनाच ठाऊक होतं.

पुढे हाताने करून शिकवणारे वर्ग आले. १९८० ते २०११ या काळातल्या अशा अभ्यासांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २८ अभ्यास होते. बहुतेकांचे निष्कर्ष उत्साहवर्धक. पण तुलनेसाठी दुसरा गट फक्त १२ अभ्यासांत होता, आणि त्यातही चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड फक्त सहांत!

तुलना एवढी महत्त्वाची का? कारण वर्गाला नाव नोंदवणारा माणूस आधीच बदलायला निघालेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या इप्सविचमध्ये जेमी ऑलिव्हरच्या वर्गांचा अभ्यास करताना यावर एक सोपी युक्ती काढली. नाव नोंदवून वाट बघत असलेले लोकच तुलनेला घेतले. म्हणजे उत्साह दोन्हीकडे सारखा. तरीही वर्ग केलेल्यांचा स्वयंपाकातला आत्मविश्वास वाढला आणि भाज्या दिवसाला साधारण अर्ध्या सर्व्हिंगने वाढल्या. सहा महिन्यांनीही हा फरक टिकून होता. पण तोवर वाट बघणाऱ्यांचे वर्ग सुरू झालेले, त्यामुळे तेव्हा तुलनेला कुणीच नव्हतं.

म्हणून गाईडकडे जाताना दोन उत्तरं लिहून न्या: तुलना कोणाशी करणार, आणि वर्ग संपल्यावर किती महिन्यांनी पुन्हा मोजणार? ही नसतील, तर तुमचा अभ्यास वर्गाचा परिणाम मोजणार नाही, येणाऱ्यांची हौस मोजेल.